नोंद न झालेला अर्ज

आक्का, दहाव्याला कावळा लगेच शिवला.

भोगावतीच्या काठावर पिंड ठेवून भटजी दोन पावलं मागे सरले न सरले, तोच समोरच्या झाडावरून तो खाली आला आणि त्याने सरळ भातात चोच घातली. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. तुझ्याकडे वीस वर्षं भाकऱ्या थापणारी काशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बगा, आक्काचं काय पन र्‍हायलं नव्हतं. सगल्यांना जेवू घालून गेली."

मी मात्र तोंड अर्धवट उघडून उभा होतो. माझं वाक्य तयार होतं. कावळा शिवत नाही तेव्हा एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला काहीबाही कबूल करतो, तशी वेळ येणार हे मी धरूनच चाललो होतो. सगळे कबूल करून थकले की मी पुढे होणार होतो आणि म्हणणार होतो, "आक्का, त्या माणसांचा अर्ज मी वर पाठवलाच नव्हता." पण कावळ्याला भूक लागली होती. माझ्यावर वेळच आली नाही, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. घरापर्यंत तसंच वाटत होतं. मग कुलूप काढलं, आत तू नव्हतीस, आणि मला स्वतःची लाज वाटली.

म्हणून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे आपल्यात कागद कधी आलाच नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले आणि तू माझी टर उडवलीस. "तुमच्या हापिसात कागदी घोडं नाचवतात ना, त्यांना दाना कोन घालतं रं?" हा तुझा ठरलेला प्रश्न. मी चिडायचो. तुला तेच हवं असायचं.

रोह्याच्या पलीकडच्या आपल्या गावात आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि मी सहा. तुझं लग्न होऊन तू पेणला आलीस, त्या वरातीत तुझ्या ट्रंकेबरोबर मीही आलो. भावजींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. ते गेल्यावर तू एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढलीस, मला शिकवलंस, नोकरीला लावलंस. माझं लग्न तीनदा ठरवलंस आणि मी तीनदा मोडलं. चौथ्यांदा तू हात टेकलेस. मग आपण दोघंच उरलो. भांडायला दोघं पुरतात.

भांडणं तरी कशावरून? मिठावरून. माझ्या छत्रीवरून. आणि सगळ्यात जास्त तुझ्या त्या रीतीवरून. "शेवटचं ताट उठल्याबिगर माझं ताट वाढायचं नाय." सकाळी जाताना एखादा 'दुपारी जेवायला येतो' म्हणाला की तो माणूस तुझ्या हिशेबात आला. एकदा एका एसटी ड्रायव्हरची गाडी वडखळला बंद पडली, तो चार वाजता आला, आणि तोवर तू कोरडी. मी ओरडलो, "तुला साखरेचा आजार आहे, डॉक्टरने वेळेवर खायला सांगितलंय." तू म्हणालीस, "डाक्टरला काय जातंय सांगाया. त्याचं गिर्‍हाईक त्याची वाट बगत बसतंय, मला गिर्‍हाइकाची वाट बगाया लागते."

ती माणसं तुझ्याकडे मीच आणली, हे आधी लिहून टाकतो.

नागोठण्याच्या पुढे हायवेच्या कामावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे ते मजूर. बंगाली बोलणारे. बाहेरच्या देशातून आल्याचा संशय, म्हणून दोन गाड्यांतून उचलून पेणला आणले आणि खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिकाम्या सभागृहात कोंडले. लग्नसराई सोडली तर ते सभागृह एरवी बंदच असे. पडताळणी होईपर्यंत ठेवायचं, असं तोंडी ठरलं होतं. कागदावर ते सभागृह रिकामंच होतं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला विचारलं, "तुमची बहीण खानावळ चालवते ना? एकतीस माणसांचं दोन वेळचं जमेल?" मी हो म्हणून आलो. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू फक्त एवढंच विचारलंस, "मासं खातात का?"

सात दिवस ताटं धुतल्यासारखी परत आली. तू खूश. आठव्या दिवशी तू त्यांच्यासाठी वालाचं बिरडं केलंस. एकतीस जणांचं बिरडं म्हणजे काय हे मला माहीत आहे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलत बसायचं. तू आणि काशी मिळून सोलत होतात. दुपारी डेग जशी गेली तशी परत आली. झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं.

तू ओसरीवर बसून डेगेत बघत राहिलीस. बोटाने चाखलंस. काशीला चाखायला दिलंस. मी ऑफिसातून जेवायला आलो तर मला म्हणालीस, "वसंता, खरं सांग. कडू झालंय का रं?"

आक्का, मला तेव्हा माहीत होतं ते का जेवले नाहीत. त्या सकाळीच त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मी आवक-जावकचा कारकून. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येतो, मी त्यावर शिक्का मारतो, नंबर घालतो, रजिस्टरमध्ये एक ओळ लिहितो. मग तो कागद सरकारी होतो. नंबर नसलेला कागद म्हणजे नुसता कागद. त्या अर्जात चार मागण्या होत्या. आमची नावं लिहून घ्या. आमचा गुन्हा काय ते सांगा. घरी एक फोन करू द्या, म्हणजे घरचे कागद पाठवतील. आम्हाला जज्जापुढे उभं करा. तोवर आम्ही जेवणार नाही. खाली एकतीस नावं, बापाचं नाव, गाव, आणि समोर सह्या नाहीतर अंगठे. मी शिक्का उचलला होता. साहेब पाठीमागून म्हणाले, "आवक नको. ठेवा तुमच्याकडे." मी शिक्का खाली ठेवला. कागद ड्रॉवरमध्ये टाकला. तेवढंच केलं मी, त्यापेक्षा जास्त काही केलं नाही.

आणि घरी येऊन तुझं बिरडं चाखलं. तसं बिरडं तू आयुष्यात केलं नसशील. मी म्हणालो, "किंचित कडवट लागतंय." का म्हणालो? खरं सांगायला लागलं असतं तर अर्जाबद्दल सांगायला लागलं असतं. तुझ्या हाताला नावं ठेवणं त्यापेक्षा सोपं होतं. तुझा चेहरा पडला तो मला अजून दिसतो.

मग तू हट्टाला पेटलीस. घरचा जावई रुसला की सासू जे करते ते सगळं केलंस. संध्याकाळी मासळीचं कालवण. ते परत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठून तरी उकडा तांदूळ मिळवलास, बंगाली लोक तोच खातात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पोह्याचे पापड भाजून वर ठेवलेस. तेही परत. काशी म्हणाली, "अगो आक्का, माजलेत ते. र्‍हाऊ दे उपाशी." तू तिला म्हणालीस, "माझ्या हातचं खाऊन सात दिस माजली नायत, आणि आज बरी माजली?" आणि पदर खोचून स्वतःच सभागृहावर निघालीस.

खिडकीपाशी काय झालं ते तू मला शब्दाशब्दाने सांगितलंस, त्यांच्या हिंदीची नक्कल करून. तू विचारलंस, "क्या रे बाबा, मेरा खाना खराब हाय क्या?" आलम नावाचा माणूस पुढे आला. अर्ज त्यानेच लिहिला होता. तो म्हणाला, "खाना बहुत अच्छा है, मौसी. लौटाने में शरम लगता है."

"तो खाव ना."

"खा लेंगे तो ये लोग बोलेगा, सब ठीक है. नौ दिन हुआ, किसी ने नाम तक नहीं पूछा. चोर को भी जज के पास ले जाता है, मौसी. हमको बोलो तो, हमने किया क्या?"

तू घरी आलीस ती माझ्यावर चाल करूनच.

"त्यांना कोरटात का नेत नाय?"

"ते बाहेरचे आहेत, आक्का."

"कुनी ठरवलं?"

"तेच ठरवायचंय."

"मंग ठरवाया बसलंय कोन? तिथं तर नुस्ता किल्लीवाला बसलाय, तो पन घोरतोय."

"आणि खरंच असले बाहेरचे तर?"

"असतील की. नसतील पन. इचारा तर खरं! असले तर त्यांच्या तोंडावर सांगा, तुम्ही ह्या ह्या कारनानं आमचे नाय. घरात मांजर शिरलं तरी मी आधी बगते कुनाचं हाय, मंग काठी उचलते." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "त्यांनी अर्ज दिलाय म्हनं. तुझ्याच हापिसात."

मी म्हणालो, "आला असेल. प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते."

हे आपलं भांडण तिथेच तुटलं. मला तुझ्याशी अजून बोलायचं होतं त्यावर. एकतीस जणांतले किती कुठले, हे मला आजही माहीत नाही. त्यातले काही खरोखरच सीमेपलीकडचे असतील. पण मी नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकासमोर काय आहे ते न बघण्यात माझी सगळी नोकरी गेली, हे तुला तोंडावर कबूल करायला मला जड जात होतं.

त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी ताट घेऊन आलो तर म्हणालीस, "ताटं उठली नायत." मी म्हणालो, अगं ती ताटं मांडलीच गेली नाहीत. तू म्हणालीस, "मी रांधलं ना? मंग ती माझी ताटं." तू काही उपोषणाला बसली नव्हतीस. तुला तो शब्दही आवडला नसता. तू तुझी रीत पाळत होतीस, एवढंच. पण गाव ते काय ओळखणार? दुसऱ्या दिवशी स्टँडावर चर्चा, खानावळवाली त्या लोकांच्या बाजूने उपाशी बसलीय. साहेबांनी मला आत बोलावलं. "बहिणीला समजवा. नाहीतर तुम्हाला कुठे बसायला आवडेल ते सांगा, तिकडे बदली करतो." माझी बदली झाली तर तुझं कसं होणार, असा विचार मी केला. तो विचार खराही होता. पण भित्र्या माणसाला नेहमीच एखादं खरं कारण सापडतं.

तिसऱ्या दुपारी तू चुलीपाशी बसलीस आणि उठेनास. हात थरथरत होते, कपाळावर घाम. मी वाटीत साखरेचं पाणी केलं, तुझ्या ओठांना लावलं, तर तू ओठ मिटून घेतलेस. लहानपणी औषध पाजताना मी करायचो तसे. मी घाबरलो. तू मरशील असं वाटलं. आणि मी म्हणालो, "अर्ज गेला, आक्का. सकाळीच वर गेला. उद्या त्यांना कोर्टात उभं करणार आहेत."

तू डोळे उघडलेस. "माझी शपथ?"

"तुझी शपथ."

तू पाणी प्यायलीस. पण जेवली नाहीस अजून. रिक्षात डेगी चढवल्यास, काशीला घेतलंस आणि सभागृहावर जाऊन खिडकीतून त्यांना सांगितलंस, उद्या कोर्टात नेणार, माझा भाऊ हापिसात कामाला हाय, त्यानं माझी शपथ घेतलीय. ते जेवले. तुझ्या शब्दावर एकतीस माणसं जेवली, आणि तुझा शब्द माझा होता. तू परत आलीस आणि दोन वाट्या भात खाल्लास. मी समोर बसून बघत होतो. मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं. अगदी मनापासून आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाड्या येऊन त्यांना घेऊन गेल्या. कोर्टात नाही. मला ते ऑफिसात पोचल्यावरच कळलं. आदल्या दिवशी माहीत नव्हतं, ह्यावर तुला विश्वास ठेवायचा तर ठेव. पण कळल्यावर मी घरी धावत आलो नाही. खुर्चीवर बसून राहिलो. तू डेगी घेऊन गेलीस तेव्हा दार सताड उघडं होतं आणि एक माणूस झाडू मारत होता. तू त्याला विचारलंस, कुठल्या कोर्टात नेलं? तो हसला, असं काशी सांगते. ते जेवण तू घरी आणलं नाहीस. मिठागरावर कामाला चाललेल्या बाया वाटेत भेटल्या, त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून वाढलंस. अन्नाचा काय गुन्हा, म्हणालीस.

संध्याकाळी तू मला एकदाच विचारलंस. "वसंता, अर्ज धाडला व्हतास ना?"

"हो."

"बरं."

त्यानंतर ह्या विषयावर एक अक्षर नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर तू जेवून बसली होतीस. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाइकांसाठी थांबायचीस, माझ्यासाठी थांबणं सोडलंस. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मी मनाची समजूत घातली, बरं झालं, शेवटी डॉक्टरचं ऐकलंस. चोराच्या मनात चांदणं. मला सगळं समजत होतं, पण विचारणार कोण? अकरा वर्षं मी त्या खोलीत एकटा जेवलो आणि तू चार हातांवर पापड लाटत बसायचीस.

दोन पावसाळ्यांनी मोनिर आला. आलमचा धाकटा भाऊ. तोही त्या एकतीस जणांत होता. त्याच्या गावच्या पंचायतीतून कागद आले म्हणून त्याला सोडलं. आलमला दुसऱ्या गाडीत घातलं होतं. ती गाडी कुठे गेली ते कुणी सांगेना. सीमेपलीकडे लोटून दिलं म्हणतात, आणखी कुठे ठेवलं म्हणतात. मोनिर ज्या दाराशी जाई तिथे एकच प्रश्न. तुझा भाऊ पेणमध्ये होता, ह्याला पुरावा काय? ते सभागृह तर रिकामं होतं. त्याने धाटावला एका कंपनीत कंत्राटी काम धरलं, शिफ्टमध्ये, आणि रविवारी रोह्याहून आपल्याकडे जेवायला यायला लागला.

माझ्या गुडघ्याला हात लावायचा. "साहब, आपने तो भेजा था. ऊपरवालों ने दबा दिया." मग विचारायचा, "साहब, वो कागज का कुछ पता चला?" दर रविवारी. न चुकता. मी म्हणायचो, जुने कागद सापडणं कठीण असतं. तेवढ्यात तू उठून आत कालवण आणायला जायचीस. आणि तो कागद तेव्हा माझ्या ट्रंकेत, नोकरीच्या कागदांच्या खाली होता. फाडून टाकायची छाती झाली नाही. कारकुनाच्या हाताला ते जमत नाही. द्यायची तर त्याहून नाही. माझ्या निवृत्तीनंतरही नाही. तेव्हा तर साहेबही उरले नव्हते, भ्यायला कारणही उरलं नव्हतं. सवय उरली होती.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तू फार बोलत नव्हतीस. एका दुपारी मात्र एकदम म्हणालीस, "मोनिर आयतवारी येतो. त्याला उपाशी धाडू नको." मी हो म्हणालो. खोलीत आपण दोघंच होतो. तेव्हा बोलता आलं असतं. वाक्य तेच होतं, आठ शब्दांचं. मी तुझी चादर नीट केली, उशी नीट केली, मग पुन्हा चादर नीट केली. मग नर्स आली.

तेराव्यानंतर मी ट्रंक उघडली. तुझ्या घरात तुझ्या फोटोसमोर मोनिरला ते सांगायचं माझ्याने होईना, म्हणून मीच रोह्याला गेलो. एसटी भिसे खिंड चढत होती आणि मी प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून बसलो होतो. शेजारचा माणूस म्हणाला, "आजोबा, नातवाचं ॲडमिशन काय?" मी हो म्हणालो. खोटं बोलायची मला एवढी सवय झालीय.

धाटावच्या अलीकडे एका चाळीत चौघं मिळून एक खोली. मोनिर शिफ्ट संपवून नुकताच आला होता. मला दारात बघून घाबरला. चहा ठेवायला लागला. मी म्हटलं, आधी बस. माझी हिंदी धड नाही. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग मी फाइल पुढे केली.

त्याने हात पँटला पुसले आणि कागद बाहेर काढला. आलमचं अक्षर त्याने लांबूनच ओळखलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत हळू आवाजात सगळं वाचलं. भावाच्या सहीवर बोट ठेवलं, तिथून उचलेना. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. एखादी थोबाडीतही चालली असती. तो म्हणाला, "ग्यारह साल आपके पास था?"

"हां."

त्याने कागद जपून फाइलमध्ये घातला. मग म्हणाला, "मौसी जानती थी."

मी म्हटलं, तिला कसं माहीत असणार?

"मैं पहली बार आया ना, तब मौसी बाहर तक छोड़ने आई. बोली, वसंता से पूछते रहना. हर इतवार को पूछना. वो बुरा आदमी नहीं है, एक दिन देगा. मैं समझा नहीं. मुझे लगा, आप ऑफिस में ढूँढ़ रहे हैं."

आक्का, म्हणजे तू थांबली होतीस. ताटावर नाही, पण थांबली होतीस. नऊ वर्षं दर रविवारी त्याला माझ्यासमोर बसवत होतीस आणि उठून आत जात होतीस, मला वाट मोकळी करून देत होतीस. मी मात्र दर वेळी ती कालवणाची वाटी परत येईपर्यंत गप्प.

आणि मग परतीच्या एसटीत मला तुझा राग आला. खूप राग आला. सरळ का नाही विचारलंस? माझी गचांडी का नाही धरलीस? लहानपणी गाभुळलेली चिंच चोरली तर कान पिरगळायचीस, आणि इथे माणसाचा भाऊ हरवला होता! माझी लाज राखायला तू मोनिरची नऊ वर्षं घालवलीस. तो गुन्हा माझा खरा, पण थोडा तुझाही. ह्यावर तुझ्याशी कडाकडा भांडायचं आहे मला. तू काय म्हणाली असतीस तेही मी आता धरून चालत नाही. तुझी उत्तरं मला कधीच आधी कळली नाहीत.

निघताना मोनिरने मला आणखी एक विचारलं. अलिबागला एक वकील त्याच्या ओळखीचा झाला आहे. नुसता कागद चालणार नाही, म्हणाला. नंबर नाही, शिक्का नाही. हा कागद त्या दिवशी ऑफिसात आला होता आणि माझ्याच हातात आला होता, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. "आप बोलेंगे, साहब?" साहब म्हणाला अजून. त्याने ते जाणूनबुजून म्हटलं की सवयीने, ते मला कळलं नाही.

मी हो म्हणालो. तुझी शपथ लागणार नाही, कायद्याची पुरते.

सोमवारी अलिबागला जायचं आहे. पेन्शनचं काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. पोलीस मला काय विचारतील, गल्लीत काय बोलतील, ते आपलं नंतर. काशी म्हणते, ह्या वयात कशाला हात दाखवून अवलक्षण? तिला मी खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही, सोमवारनंतर सांगेन. आलम सापडेल की नाही, माहीत नाही. निदान तो इथे होता, एवढं तरी कुठेतरी लिहिलं जाईल. त्यांनी अर्जात सगळ्यात आधी तेवढंच तर मागितलं होतं, नावं लिहून घ्या.

संध्याकाळच्या एसटीने परत येईन. कुलूप काढीन, दिवा लावीन. त्या दिवशी सांगण्यासारखं सगळं खरं असेल, आक्का, आणि "काय झालं रं, वसंता?" असं विचारायला घरात कुणीही नसेल.